रेडिएटरची नळी

बाभुळगाव, बुधवार, संध्याकाळ

गाडीची गळकी नळी निघाली. आधी तेच लिहितो.

सकाळी जावई फोनवर म्हणाले, "मामाजी, नळी ओढू नका. रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड तुटलं तं गाडी भंगारातच जाईन. मी रविवारी गिऱ्हाईक आणून राह्यलो." मला न विचारता गिऱ्हाईक? गाडी गेली तर यवतमाळच्या दवाखान्यात जाताना हिला दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीच्या पायऱ्या चढाव्या लागतील. पण त्या तोंडाच्या भीतीनं दुपारभर माझा हातच धजला नाही.

शेवटी हिनंच चिकटलेल्या नळीवर कढत पाणी ओतलं आणि चुलीजवळची सांडशी दिली. म्हणाली, "ओढू नका. जावयाचा कान समजा अन् हळूहळू पिळा."

नळी जराशी फिरली. मग ती ब्लेडनं उभी चिरून सोलून काढली. नवीच बसवायची आहे. तोंड शाबूत आहे. तीनदा बोट फिरवून पाहिलं. बारीक चीर गेली असेल का? गेली असेल तर तीही मीच बुजवीन.

जावयांना फोन केला. ते म्हणाले, "मंग गिऱ्हाइकाले काय सांगू?"

म्हटलं, "रविवारी आणा त्याले. जेवण भेटन, गाडी नाही भेटणार."