हिरव्या बांगड्यांचा हात

प्रिय ऋतुराज,

आधी आली ती रूपाली. परवाच्या रविवारी मी लसूण सोलत बसले होते. समोरच्या नानासाहेबांची नात रे. आता फुलंब्रीला शाळेत बाई आहे, चष्मा लागलाय, पण जिना अजून तसाच धडाधडा चढते. तिच्यामागून प्रणय, तुझ्यासंगं पतंगापायी गच्चीवरून पडला होता तो. शेंद्र्याच्या कंपनीत साहेब झालाय, पोट बी सुटलंय. म्हटलं, कुणाची पत्रिका आणली? तर दोघं हसायलाच लागले. घरात किती दिवसांनी असं कुणी हसलं बघ. लई बरं वाटलं. लगेच भज्यांचं पीठ कालवलं.

भजी खाता खाता म्हणाले, आजी, ती शेळीची कॅसेट आहे का अजून? टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची. तुला शाळेत बक्षीस मिळालेल्या पुस्तकात घंटा हरवलेली शेळी होती ना, तिचाच गेम होता म्हणे. एका बटणानं उडी, दुसऱ्यानं शिंग, अन् प्रत्येकाला तीन जान. रूपाली म्हणते शेळी देवगिरीचा किल्ला चढायची. प्रणय म्हणतो, किल्ला कुठला, खुलताबादचा घाट होता, तुझं डोकं तेव्हापासून तसलंच. पार हमरीतुमरीवर आले. एका गोष्टीवर मात्र दोघांचं जुळलं. चुकलं की पडद्यावर हिरव्या बांगड्यांचा हात यायचा अन् शेळीला उचलून न्यायचा. हे ऐकलं अन् मी माझा हात पदराखाली घेतला.

मग प्रणयनं मोबाइल दाखवला. कुठल्याशा ग्रुपवर लोक तो गेम शोधतायत म्हणे. नांदेडचा कुणी लिहितो, आमच्याकडं बी होता, त्याचं संगीत अजून कानात आहे. आपल्या घराची पायरी न चढलेला माणूस, बाबा.

आता तू आठव. पहिलीची सुट्टी. तुझ्या काकानं शहागंजातून गेम आणला अन् त्याच आठवड्यात टीव्ही गेला. दुरुस्तीवाल्यानं काचेसकट आतलं सगळं काढून नेलं, दारं असलेलं लाकडी खोकं तेवढं राहिलं. दीड महिना. तू रिकाम्या खोक्यापुढं रिमोट धरून रडायचास. मग मीच चादर टाकून मागं बसले. पुठ्ठ्याची शेळी कापली, दोऱ्याला बांधली, तिच्यामागं पुस्तक धरलं. तुम्ही बटण दाबायचात, मी पान उलटायचे. मी दुसरी शिकलेली, अक्षरं जुळवीपर्यंत तुम्ही उठून गेला असता. म्हणून चित्रं बघून तोंडाला येईल ते सांगायचे, रोज वेगळं. किल्ला बी माझाच अन् घाट बी माझाच.

हे त्यांना सांगणार होते. पार ओठावर आलं होतं. पण भांडताना दोघं अशी लहान दिसत होती की मी चहा ठेवायला उठले. अन् सांगून तरी काय, म्हणतील म्हातारीला आता आठवत नाय. नांदेडचा माणूस खरा अन् मी खोटी. तुझे आजोबा गेल्यापासून मनगटं मोकळी आहेत, हा हात कुणी कसा ओळखावा. मी आपलं बोलून गेले, असंल माळ्यावर, बघते. माळ्यावर गोधड्या आहेत अन् फुटका पाळणा. कसली शेळीची कॅसेट.

निघताना रूपाली म्हणाली, ऋतुराजनंच ग्रुपवर लिहिलंय, कॅसेट आमच्या घरी होती, मी स्वतः टीव्हीवर बघितलीय. म्हणून हे पत्र. अरे, चार दिवसांत तुला कळलं होतं मागं कोण आहे ते. ती दोघं पुढं बसायची, तू मागं माझ्या मांडीवर. दोरा तुझ्या हातात असायचा. ह्या दोन-तीन दिवसांत मला बी काचेवर शेळी दिसायला लागलीय, संगीतासकट. त्यांना काही सांगू नको, खुशीत आहेत. मला तेवढं लिही, होतास ना मांडीवर? फोनवर नको, फोनवर तू कशालाबी व्हय व्हय म्हणतोस. अन् माळ्याचं काय करू ते बी लिही. बुद्ध पौर्णिमेला प्रणयला सुट्टी आहे, त्या दिवशी सकाळी शिडी घेऊन येतो म्हणून सांगून गेलीत.

तुझीच,
आजी