बुधवारी तुम्ही रडायचात

प्रिय अहो,

चौतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. आता तुम्हाला जाऊन दीड महिना झाला आणि लिहायला बसलेय, कारण काल हेलन भेटायला आली होती. तेव्हापासून माझ्या अंगाचा तिळपापड झालाय.

हेलन म्हणजे तुमच्या बुधवारच्या जर्मन क्लासमधली. मला आपलं वाटायचं, रिटायर झाल्यावर तुम्ही ईलिंगच्या लायब्ररीत भाषा शिकताय. दर बुधवारी चिवड्याचा डबा भरून देत होते! तो क्लास जुन्या जर्मन संगीताचा आणि पुस्तकांचा होता, हे एकदा तरी सांगायचंत. चिवडा सगळ्यांना फार आवडायचा म्हणे.

ती सांगत होती, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे चारचौघांत रडणं मोठ्या मनाचं लक्षण मानायचे. क्लासमध्ये क्लॅव्हिकॉर्ड वाजायचं, पियानोहून जुनं, लहानसं वाद्य. त्याचा आवाज इतका नाजूक, की सगळे खुर्च्या जवळ ओढून बसायचे. दाबलेल्या पट्टीवर बोट हलवलं की सूर थरथरतो.

"अँड ही वुड जस्ट क्राय, सुलभा. सो ओपनली."

तुम्ही? तुमची आई गेली तेव्हा तुम्ही आलेल्यांना चहा करून देत होतात! मी बोलायला लागले तर टीव्हीचा आवाज कमी होत नसे, आणि तिथे कान देऊन बसत होतात?

मला हेलनचा इतका हेवा वाटला, की दुसरा चहा विचारलाच नाही.

मग ती हळूच म्हणाली, "ही टोल्ड अस अबाउट द बेबी."

ब्रिस्टलला आपली मुलगी जन्मतःच गेली; नाव तेवढं आपण दोघांनी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही कारखान्यात कामावर हजर. मी एकटीच रडले. वाटलं, ह्या माणसाला काही नाहीच. आणि तुमच्याकडे एवढं होतं, ते परक्यांसमोर ओतलंत? माझ्या हक्काचं होतं हो ते! मीही कधी विचारलं नाही, हे खरं. पण बुधवारी मी घरीच असायचे ना?

हेलनला एकच विचारलं, मुलीचं नाव सांगितलं होतं त्यांनी?

"नो. वी डिड आस्क. ही वुडन्ट."

केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

येत्या बुधवारी ती मला क्लासला नेणार आहे. तुमच्या खुर्चीवर बसेन. रडू आलं तर रडेनही, सगळ्यांसमोर. पण नाव कुणी कितीही विचारलं तरी सांगणार नाही. वचन.

तुमचीच,
सुलभा