प्राची सगळ्यांना सांगते

३ जुलै
आले बाई भिलाईला! गोंदियाहून निघताना आईचा चेहरा उतरला होता, पण नेहरू नगरचं हे घर बघितलं असतं तर खूश झाली असती. वर दोन खोल्या, गॅलरी. खाली घरमालकीण कांताकाकू, आपल्याच नागपूरकडच्या. दुसऱ्या खोलीत प्राची. मी यायच्या आधीच तिने गरम चीला, म्हणजे इकडचं तांदळाचं धिरडं, आणि टमाट्याची चटणी करून ठेवली होती. माझं सामानही तिनेच वर नेलं. उद्यापासून कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचं.

१० जुलै
प्राची फार काळजी घेते. जरा जास्तच. काल मी क्लासमधल्या सीमासोबत पावर हाउस भागातल्या बाजारात गेले. परतले तर ही रडून राहिली. "मले सांगून जात जा ना, ईरा. तुले काही झालं तर?" आईचा नंबर मागितला. दिला.

१६ जुलै
आज माझ्या वर्गावर दुसरेच सर. म्हणाले, तुमच्या बहिणीचा फोन आला होता, तब्येतीमुळे तुम्ही नोकरी सोडली ना? मला बहीणच नाही. प्राचीला विचारलं, तर तिने माझ्या कपाळाला हात लावला. थकलेली दिसतेस, म्हणाली.

१८ जुलै
जिन्यात कांताकाकूंनी मला पाहून नातीला मागे ओढलं. खोदून विचारलं तेव्हा बोलल्या. मी म्हणे वेड्यांच्या दवाखान्यात होते, झटका आला की काहीही बरळते. प्राचीने सांगितलं. सगळ्या गल्लीला. खोटं आहे म्हणून मी ओरडले, आणि काकूंची खात्रीच पटली.

१९ जुलै
माझा फोन कुठेच सापडत नाही. प्राचीने तिच्या फोनवरून आईला लावून दिला. आई रडत होती. मी म्हणे गॅलरीतून उडी मारत होते. मी येते, आई म्हणाली, तेवढ्यात प्राचीने फोन काढून घेतला. उद्या सकाळीच निघते इथून.

२० जुलै
उशिरा जाग आली. डोकं जड. कालचा चहा कडू होता—
बाहेरून कुलूप. गॅलरीच्या दारालाही—

दुपार. काकू जिना चढल्या. मी आतून दार बडवलं. मला काढा, पाया पडते. त्या दाराशीच उभ्या होत्या.
"ओरडू नको वं. तुह्या आधीची पोरगीबी अशीच ओरडे. मंग झाली एकदम शांत."
विचारलं, कुठे आहे ती आता?
काकूंची पावलं दारापासून मागे सरकली.
मग प्राचीचा आवाज. गोड. तुम्ही जा काकू, मी पाहते तिच्याकडे—
काकू उतरून राहिल्या— काकू, नका जाऊ— कुलूप काढते ती— हातात काही