रेबेकाच्या दारची सावली

टूसॉन,
१६ सप्टेंबर २०१२

चि. ओफेलियास,
हर्लिंडाताईचे अ. उ. आ.

फोनवर आपलं भांडण होतं आणि वाक्य अर्धं राहतं, म्हणून हे पत्र. अपांची तब्येत उत्तम. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला दोन वेळा भूक लागते, ह्यांना चार वेळा. तक्रार भुकेची नाही, बसण्याची आहे. रोज दुपारी जेवण माझ्या घरी करतात, मग खुर्ची उचलतात आणि शेजारी रेबेकाच्या मेस्कीटच्या झाडाखाली जाऊन बसतात. थेट दिवेलागणीपर्यंत! मुलगी मी, आणि म्हातारा बाप माझ्या धाकट्या जावेच्या सावलीत. गल्लीतले लोक बघतात ना गं.

तुला आठवत असेल, आठ वर्षांपूर्वी तिने एका रविवारी कुणाला न विचारता रस्त्याच्या सिमेंटच्या काठाला खाच पाडली होती. दारात घमेल्यासारखं खोल आळं खणलं आणि रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी त्यात घेतलं. त्यात वीतभर मेस्कीटचं रोप लावलं. मी हसले होते. माझ्याकडे तेव्हा हिरवळ होती, तुतीचं झाड होतं. आता हिरवळ जळली, तुती वाळली, आणि तिच्या दारात थंडगार सावली, खाली रानमिरची, कडेला निवडुंग. लोक येऊन फोटो काढतात.

शेवटी मीही खाच पाडून घेतली. पण तिचं घर चढाला, माझं उताराला. पाणी आधी तिच्या आळ्यात भरणार आणि उरलं तर माझ्याकडे येणार. उष्टं पाणी! रेबेका हसून म्हणाली, की ताई, माझं भरलं की सगळं तुमचंच. नाकाला मिरच्या झोंबल्या. जळते मी, हो, जळते. तुझ्यापाशी लपवून काय करू?

मी नर्सरीतून दक्षिणेकडचं परदेशी मेस्कीट आणतेय. काटे नाहीत आणि दोन वर्षांत छपराला लागतं म्हणे. आपल्या काटेरी मेस्कीटला आठ-दहा वर्षं लागतात. अपांकडे दहा वर्षं आहेत का?

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई

---

माग्दालेना,
७ ऑक्टोबर २०१२

ती. ताईस,
ओफेलियाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, मग राग आला. अपा तुझ्या घरी झोपतात, तुझ्या हातची भाकरी खातात, आणि तू दुपारच्या चार तासांसाठी रडतेस! मला ते वर्षातून दोनदा दिसतात, तेही अमेरिकेच्या सीमेवरच्या रांगेत चार तास उभं राहिल्यावर. जळायचं तर मी जळायला हवं, आणि जळतेच.

ते नर्सरीतलं झाड नको लावूस. इथे शाळेपुढे लावली होती. भराभर वाढली, पण मुळं जमिनीत उतरलीच नाहीत. तू माझं कधी ऐकलंयस म्हणा.

सोबत फळांच्या वड्यांचे दोन डबे पाठवते. निळा तुझा. लाल अपांचा, तो तू उघडायचा नाहीस. त्यांनी पत्रातून मुद्दाम मागवलाय.

रागावू नकोस, माया तेवढीच ठेव.

तुझी ओफेलिया

---

टूसॉन,
३० जून २०१४

चि. ओफेलियास,
अ. उ. आ.

झाड छपराच्या वर गेलं! ठिबकची नळी बुंध्याशीच ठेवलीय, रोज पाणी. ये आणि बघ. अपांची खुर्ची मी स्वतः त्याखाली नेऊन ठेवली. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी खुर्ची उचलून पुन्हा तिकडे! मी विचारलं, की माझ्या सावलीत काय कमी आहे? तर म्हणाले, की सावली छान आहे पोरी, पण हे झाड हलतं फार.

त्यात परवा मेस्कीटच्या शेंगा दळायचा दिवस होता. तुला माहीत आहे, गिरणीत घालण्याआधी गिरणीवाल्या त्रिनिदादकाकू प्रत्येक झाडाची शेंग चावून बघतात. रेबेकाची चावली आणि डोळे मिटून म्हणाल्या, गुळासारखी. माझी चावली आणि सगळ्यांसमोर थुंकल्या. कडू! माझी पोती परत घरी आली. रेबेकाने तिच्या पिठातलं अर्धं दिलं मला. ते देणं जास्त झोंबलं.

अपांचंही लक्षण ठीक दिसत नाही. कॉफीच्या कपात गरम पाण्यात बिया घालून विसरून जातात. खिशातल्या चाकूने बियांवर टोचे मारत बसतात. मी विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करतात. तुझ्या त्या लाल डब्यातली एक वडीसुद्धा त्यांनी मला दिली नाही. आणि माझ्या आळ्यात सारखी काटेरी रोपं उगवतात, रेबेकाच्या झाडावरचे पक्षी टाकत असणार. आठ-दहा तरी उपटली.

यंदाच्या पावसात मात्र मी पाणी पुरेपूर घेणार आहे. कसं, ते विचारू नकोस.

तुझी ताई

---

टूसॉन,
२१ जुलै २०१४

चि. ओफेलियास,
अ. उ. आ.

तुझ्याशिवाय कुणाला सांगू? शुक्रवारी ढग दाटून आले तेव्हा मी वाळूचं पोतं नेऊन रेबेकाच्या खाचेत कोंबलं. एक थेंब तिच्या आळ्यात जायला नको, सगळं माझ्याकडे. आणि आलं, गं! माझं आळं तुडुंब भरलं. माती चिखल झाली. मग वारा सुटला. माझं झाड मुळांसकट उपटून आडवं झालं, आणि मुळं केवढी, तर आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढी. तेवढीच. फांद्या जिथे पडल्या तिथे मी दुपारी अपांची खुर्ची ठेवली होती. खुर्चीचा चुरा झाला.

अपा तिथे नव्हते. मी खुर्ची हलवली म्हणून ते रुसून घरातली दुसरी खुर्ची घेऊन रेबेकाकडे गेले होते, तिच्या व्हरांड्यात होते. ज्या गोष्टीवरून मी दोन वर्षं जळले, तिनेच त्यांना वाचवलं. मी अंधार पडायच्या आत जाऊन पोतं काढलं. रेबेकाने पाहिलं. माझ्यासाठी कॉफी टाकली.

आता अपा उन्हात माझ्या रिकाम्या आळ्याशी बसतात. तिथे एक काटेरी रोप उरलंय, माझ्या हातून सुटलेलं. मी उपटायला वाकले तर त्यांनी माझं मनगट धरलं. का, ते सांगत नाहीत. तुला सगळं लिहितात ना? तूच विचार.

तुझी मूर्ख ताई

---

माग्दालेना,
३ ऑगस्ट २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारायची गरज नाही. मला दोन वर्षांपासून माहीत आहे.

लाल डब्यात वड्या नव्हत्याच. त्यात आपल्या इथल्या घराच्या दारातल्या मेस्कीटच्या बिया होत्या, ज्याखाली आई आपल्या वेण्या घालायची. ते झाड गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना तोडलं. तुला सांगवलं नाही. बिया कडक असतात, म्हणून अपा त्यांना टोचे मारून गरम पाण्यात भिजवत होते आणि तुझ्या आळ्याच्या त्या टोकाला पेरत होते, जिथे रेबेकाचं उरलेलं पाणी येऊन थांबतं. पक्ष्यांनी काही टाकलं नाही, ताई. ते पेरत होते आणि तू उपटत होतीस. डबा आता रिकामा आहे. ते एकच रोप आहे.

मी त्यांना लिहिलं होतं, की ताई तुमच्या सावलीसाठी एवढा जिवाचा आटापिटा करतेय, तिला सांगत का नाही? आणि दहा वर्षांनी मिळणारी सावली तुम्हाला काय कामाची? त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते. त्यांनी लिहिलं, की मला रेबेकाची सावली पुरे आहे. पण हर्लिंडा पंचाहत्तरीची होईल तेव्हा दुपारी कुठे बसेल? ती खुर्ची घेऊन शेजारी जाणार नाही. उन्हात मरेल, पण रेबेकाच्या झाडाखाली बसायची नाही. माझी पोर मला माहीत आहे. आणि सांगितलं तर रोज दहा वेळा पाणी घालून मारून टाकेल.

हे वाचून मी किती जळले, ते तुला कळणार नाही. माझ्यासाठी त्यांनी काही पेरलं नाही गं.

रोपाला नळी लावू नकोस. उरलेलं पाणी त्याला पुरतं. आणि ह्या वर्षापुरती तरी खुर्ची उचल, रेबेकाकडे जा, अपांच्या शेजारी बस.

माया असू दे. थोडी माझ्या वाट्यालाही.

तुझी ओफेलिया