नव्या गाडीचं मागचं दार

आबा, मी तुमची सून, आज माझ्या नातवाच्या हट्टापायी शोरूममध्ये गाडी बघायला गेले, आणि तिथे मी जे केलं ते बघून नातू, नातसून आणि तिथला टाय लावलेला पोरगा, तिघंही धावत आले. मी चपला काढल्या, मागचं दार उघडलं आणि सीटवर सरळ आडवी झाले. नातसून म्हणाली, आजी, चक्कर आली का? तुम्ही असता तर तुम्हाला यात काही नवल वाटलं नसतं. हे तुमचंच शिक्षण, आणि ते ज्या दिवशी मिळालं त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

पौडहून पुण्याला भाड्याने गाडी न्यायची, हा तेव्हा आपला धंदा. जुनी गाडी मोडीत निघालेली. नवीसाठी नाव नोंदवून तुम्ही इतकी वर्षं वाट बघितलीत की नंबर लागेपर्यंत कारखान्याने गाडीचं रूपच बदलून टाकलं. तुमचा मुलगा तर चित्र बघूनच तिच्यावर भाळला होता. तुम्ही म्हणालात, डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेणार नाही, आणि सूनबाईलाही न्यायचं. मला सातवा महिना चालू. मी समोर उभी असले तरी पाणी मागायचं ते तुमच्या बहिणीकडे, आमच्या आत्याबाईंकडे, असे तुम्ही. माझ्याशी थेट दोन शब्द कधी बोलला नव्हतात. आणि आता गाडी पसंत करायला मी? मला वाटलं, पहिलटकरीण म्हणून लाड चाललेत. मी ठेवणीतलं लुगडं नेसले आणि एसटीत आत्याबाईंच्या शेजारी, खिडकीपाशी ऐटीत बसले.

शोरूममधला माणूस मोठा बोलका. नवं तोंड, नवे दिवे, दारांना आतून गुबगुबीत गादी, हात टेकायला दांडी, काच खालीवर करायला चकाकतं हँडल. सहा माणसांचं कुटुंब आरामात, असं त्याने तीनदा तरी सांगितलं. हे तोवर पुढे बसून भोंगा वाजवत होते. तुम्ही इंजिनाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मागचं दार उघडून आत्याबाईंना पलीकडे बसवलंत, माझ्याकडे वळलात आणि भरल्या शोरूममध्ये म्हणालात, "सूनबाई, आडवी हो. बाईच्या मांडीवर डोकं ठिव."

आबा, मी जागच्या जागी थिजले. परक्या पुरुषांसमोर, सासऱ्यासमोर, सातव्या महिन्याचं पोट घेऊन आडवं व्हायचं? यांच्याकडे बघितलं तर यांनी तोंड फिरवलेलं. आत्याबाईंनी माझा पदर ओढला तेव्हा मी आडवी झाले. गुडघे वर घेतले, टाचा दाराकडे आल्या. आणि मग तुम्ही दाराच्या उघड्या खिडकीतून हात आत घातलात आणि तळवा माझ्या टाचांना लावलात. सासऱ्याचा हात सुनेच्या पायाला! मी पाय झटकन ओढून घेतले. कुठे फेडू हे पाप, असं झालं मला.

"पाय काढू नगं, पोरी," तुम्ही म्हणालात. "कळा येत्यात तवा पाय आखडून घ्याया कुनाला जमतंय?"

मी पाय परत सोडले. तुम्ही त्या माणसाला दार लावायला सांगितलंत. दार लागेना. तो हसला, नवं दार आहे, जरा जोर लागतो म्हणाला आणि कमरेने धक्का दिला. ते चकाकतं हँडल तुमच्या हातावर आदळलं. माझ्या टाचेला ओरखडाही नाही, तुमच्या हाताची मागची कातडी मात्र सोलून निघाली. तो माणूस घाबरला. अहो, ही घरच्यांनी फिरायची गाडी आहे, दवाखान्याची नव्हे, असं काहीबाही बोलू लागला. तुम्ही रक्त धोतराला पुसलंत.

"घरच्यांसाठी म्हंता, मंग घरात बाया न्हाईत व्हय?" तुमचा आवाज मुळीच चढला नव्हता. "हिच्या सासूला पुन्याला न्हेली तवा मागून आनल्याल्या गाडीचं दार लागंना. दोरीनं बांधलं. पाय बाहीर. म्या फूटबोर्डावर हुबा राहून दोनी पाय हातात धरलं व्हतं. वाटंवरल्या भूगावापातूर गरम व्हतं."

यांच्या आई बाळंतपणात गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं. यांनाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं असावं, कारण भोंग्यावरचा हात यांनी काढला आणि गाडीतून खाली उतरले. इतक्या वर्षांनी लागलेला नंबर तुम्ही सोडून दिलात. अख्खं पौड हसलं. तुम्ही रूप बदलण्याआधीच्या, सपाट दारांच्या घडणीची एक वापरलेली गाडी शोधून आणलीत. तिच्यातून मी पुण्याला गेले, दार नीट लागलं, आणि तुमची नात दवाखान्यात सुखरूप जन्मली.

आता नातसुनेला सातवा आहे. आज मी आडवी झाले तेव्हा त्या पोराला म्हटलं, लाव दार. काच खाली होती. त्याने अलगद लावलं, एवढासा आवाज झाला. नातू म्हणाला, बसतं ना आजी? मी म्हटलं, बसतं. त्याने गाडी नक्की करून टाकली. आल्यापासून हे लिहीत बसले आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि घरच्यांना वाचून दाखवायची हिंमत नाही.

उद्या सकाळी नातवाला परत शोरूममध्ये घेऊन जाणार आहे. दार लागलं हे खरं, आबा. पण ते लागताना मी पाय आखडून घेतले होते. खिडकीतून तुमचा हात आत असेल, असं वाटलं.