नव्व्याण्णववर गेलेला डेन्झिल

ब्रिकहिल, बुधवार

आदरणीय अर्मिनताई,

लीड्समधल्या थंडीने तुमचे गुडघे फार धरले नसतील आणि साडूभाऊंचा खोकला उतरला असेल, अशी आशा करतो. इथे आम्ही सगळे देवाच्या कृपेने ठीक आहोत. (सगळे म्हणजे तुमची धाकटी बहीण ठीक आहे. मी आहे.)

गेल्या दोन आठवड्यांत व्हर्नेलाने फोनवर माझ्याबद्दल काही सांगितलं असेल, तर ते बहुतेक खरंच आहे. तरी माझी बाजू कळावी म्हणून लिहितो. पेंटेकॉस्टच्या सोमवारी ओल्ड मिल गावाशी आपला सामना होता. डेन्झिल सलामीला. तुमच्या या धाकट्या भावाचं वय बावन्न, तीस वर्षं तो आपल्या गावासाठी खेळतोय, आणि आजवर एकाहत्तरच्या पुढे गेलेला नाही, हे तुम्ही जाणताच. त्या दिवशी मात्र त्याची बॅट अशी चालली की चर्चच्या कबरस्तानात त्याने चार षटकार मारले. (चेंडू आणायला जाणाऱ्याने मयतांची माफी मागायची, हा आपला जुना नियम. चौथ्या खेपेला फिल्डरने सगळ्यांची एकदमच मागितली.) ऐंशी झाले तेव्हा व्हर्नेला मैदानातून उठून घरी गेली आणि केकवर साखरेने १०० काढून परत आली. नव्वदला म्हाताऱ्या अलॉयशसने शंख तोंडाला लावला. नव्व्याण्णव झाले तेव्हा शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या होत्या.

पंच मी होतो. बायकोचा भाऊ खेळत असताना मी पंच कसा, असं तुम्ही विचाराल. पण आपल्या गावात परीक्षा पास झालेला पंच एकच, आणि जिचा भाऊ, मेहुणा किंवा जावई खेळत नाही अशी बाईच गावात नाही. पुढचा चेंडू आत आला, डेन्झिलच्या पॅडवर मधल्या स्टंपासमोर आदळला आणि मी बोट वर केलं. गोलंदाज ओल्ड मिलचा पोस्टमन. त्याने अपील निव्वळ सवयीने केलं होतं. माझं बोट बघून तो बिचारा डेन्झिलला "सॉरी" म्हणाला. डेन्झिल बॅट काखेत मारून निघून गेला.

तेव्हापासून सगळं गाव एकीकडे आणि माझं बोट एकीकडे. पावाच्या दुकानातल्या मिस युलालीने चाळीस वर्षांची ओळख असून मला माझं नाव विचारलं. बसवाला रिकामी बस पुढे काढतो आणि खिडकीतून "जागा नाही रे!" म्हणून ओरडतो. पाळकांनी रविवारी निर्दोष येशूला शिक्षा देणाऱ्या पिलाताची गोष्ट सांगितली. नाव कोणाचं घेतलं नाही, पण पाऊण तास माझ्याकडे बघून सांगितली. घरी व्हर्नेला तोंडात मिठाची गुळणी धरून बसली आहे. एकदाच बोलली, तेही मी जेवायचं विचारलं म्हणून. "ज्या बोटाने माझ्या भावाला घालवलंस ना, त्याच बोटाने आता नीरफणस सोल!" केक तसाच फ्रिजमध्ये आहे. त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही.

माझे वडीलही पंच होते, ते म्हणायचे, "बोट एकदा वर गेलं की ते आपलं राहत नाही." तेव्हा ताई, तुम्ही वडीलधाऱ्या आहात, व्हर्नेलाला चार ओळी लिहा. आउट म्हणजे आउट. माझ्या मनात तसूभरही शंका नाही.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
ऑस्बर्ट लिबर्ड

ता. क. चेंडू आधी बॅटला लागला होता. बारीकसा आवाज आला होता. माझं बोट आधी गेलं, कान मागून पोचले. हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा : व्हर्नेलाला काही लिहू नका. तिचा राग मी सोसेन, तो माझ्या हक्काचा आहे. लिहायचं तर डेन्झिलला लिहा. तो रोज संध्याकाळी बोटीवरून उतरला की माझ्यासाठी बकऱ्याच्या रश्शाचं भांडं घेऊन येतो, मी जेवेपर्यंत शेजारी बसतो आणि मासळीच्या गोष्टी सांगतो. बॅटची कड लागलेली खेळणाऱ्याच्या हाताला कळते, ताई. त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. काल निघताना म्हणाला, "लोकांचं मनावर घेऊ नकोस, ऑस्बर्ट. तुला दिसलं ते तू दिलंस." मला रडू आलं. त्याला कळवा की एकदा येऊन मला सडकून शिव्या दे. शिव्या मात्र तुम्हीच लिहून पाठवा, त्याला स्वतःहून सुचायच्या नाहीत.