दोन हार, मनमाडला

प्रिय स्वराज,

पत्र बघून हसशील. फोनवर माझा आवाज चढतो आणि ‘ताई, मीटिंग आहे’ म्हणून तू सुटतोस, म्हणून कागद घेतला. मखमलाबादला सगळं ठीक. शेवंती यंदा छान धरली आहे. आई विचारते, सुट्टी कधी?

तू करून दिलेल्या वेबसाईटमुळे आपल्या हारांचा धंदा वाढला, हे मी गावभर सांगते. पण हार मागवणाऱ्याला जन्मतारीख कशाला विचारायची, यावरून आपण भांडलो होतो, आठवतं? तू म्हणालास, वाढदिवसाला मेसेज पाठवू. मी म्हटलं, मला हार विकायचेत, पत्रिका जुळवायची नाही. शेवटी तू खाली एक ओळ टाकलीस, ‘तुमची माहिती आमच्यापाशी सुरक्षित आहे’, आणि मी तो रकाना राहू दिला.

तीच ओळ वाचून लासलगावच्या सुवर्णाने देऊळ आणि वेळ लिहून दोन वरमाला नोंदवल्या. तरी फोन करून विचारलंच, घरी कळणार नाही ना? मुलगा दुसऱ्या जातीचा, त्याचे हातपाय तोडू म्हणून तिच्या घरच्यांनी धमकावलेलं. देवळात चार माणसांत लग्न उरकणार होते. मी तिला शब्द दिला.

दोनच दिवसांत तिचा चुलतभाऊ दीपक दुकानात हजर. निशिगंधाचे हार, कोणतं देऊळ, किती वाजता, सगळं त्याला पाठ. मला काही ठाऊक नाही म्हणून मी त्याला वाटेला लावलं. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला.

पहिला संशय गोरक्षवर. इतकी वर्षं आपल्याकडे हार बांधतोय, पण मी त्याच्या मागे उभी राहून पाळत ठेवली. तो जेवायला गेला की त्याचा फोन चाळला. शेवटी तोच म्हणाला, “ताई, माझं काय चुकलं का? लय येगळं बघता हल्ली.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला फक्त हार सांगितले होते, देऊळ नाही.

मग सुवर्णाला फोन करून वेळ आणि जागा बदलायला लावली. नवी वेळ-जागा आम्हा दोघींतच ठेवली. वेबसाईटवर मात्र तिच्या नोंदीत लिहिलं : हार मनमाडच्या देवळात पोचवणे, सकाळी.

लग्न नाशकातच लागलं. हार मीच भाजीच्या पिशवीतून नेले. संध्याकाळी दीपक लालबुंद होऊन दुकानात आला. “पहाटंपासून मनमाडला थांबलो, कोणी आलंच नाय! कुठं पाठवले हार?”

स्वराज, मनमाड फक्त त्या नोंदीत होतं, आणि ती उघडणारे पासवर्ड दोनच, माझा आणि तुझा. दीपकचा चेहराही आठवला. तुझ्या हॉस्टेलच्या फोटोत तो तुझ्या खांद्यावर हात टाकून उभा आहे. मित्राने विचारलं, तू सांगितलंस, तुला त्यात वावगं वाटलं नसेल. पण त्या मुलाचं बरंवाईट झालं असतं तर? मला तुझा फार राग आलाय, आणि रडूही येतंय. तुझा पासवर्ड आजपासून चालणार नाही. जन्मतारखेचा रकाना काढून टाकला. तू लिहिलेली ती ओळ मात्र तशीच ठेवली आहे, कारण आता ती खरी आहे. दिवाळीला ये, आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझीच,
दीपमालाताई